जाणाऱ्याला काय म्हणावं

गोव्यातल्या कारापूरच्या त्या गोदामात एके काळी खाणीच्या ट्रकांचे टायर ठेवायचे. खाणी बंद पडल्या, टायर गेले आणि तिथं आमचं प्रशिक्षण केंद्र आलं. पण खाणीची तांबडी माती काही गेली नाही. पत्र्याच्या फटींतून ती इतकी झिरपायची की सकाळी पांढरा सदरा घालून शिकवायला उभा राहिलेला मी दुपारपर्यंत एखाद्या मठाचा वारसदार दिसायला लागायचो. दोन म्हाताऱ्या तर खरोखरच माझ्या पाया पडून गेल्या. मीही आशीर्वाद देऊन टाकला, उगाच कशाला कुणाचं मन मोडा.

आता तिथं फरशांचं दुकान आहे. परवा त्या रस्त्याने जाताना पाय आपोआप थांबले. आत चकचकीत फरशी, थंड हवा, आणि मला मात्र तांबडी धूळ, उकळून उकळून काळा झालेला चहा आणि एकाच वेळी बोलणारी सगळी माणसं हवी होती.

आमच्याकडे खाणीवरचे बेकार ड्रायव्हर यायचे, काजूच्या कारखान्यातून सुटलेल्या बायका यायच्या, दोडामार्गाकडचे मजूर यायचे. त्यांना मोपाच्या विमानतळावरच्या कामांसाठी तयार करायचं होतं. कुणाला साफसफाई, कुणाला सामान चढवणं. मी त्यांना बोलायला शिकवायचो. म्हणजे धबधब्याला पाणी पाजायचो. हिंदीतून बोला आणि जरा हळू बोला, एवढंच माझं शास्त्र.

त्यात लाटंबार्सेचा एक टिपरवाला होता. पन्नाशीला टेकलेला, आयुष्यभर खनिज वाहिलेला. त्याचा ट्रक अंगणात उभा होता आणि त्यावर बायकोने दोडक्याचा वेल चढवला होता. दोडके इतके लागायचे की ट्रकाने कधी इतका माल वाहिला नसेल. त्याला शिकायचं होतं म्हाताऱ्या, आजारी प्रवाशांना चाकांच्या खुर्चीतून नेण्याचं काम. आमच्या काजूवाल्या बायका त्या खुर्चीला चाकांची कदेल म्हणायच्या. मुश्कील एवढीच की पुढच्या तुकडीपासून वयाची अट येणार होती. ही परीक्षा हुकली की त्याच्यासाठी दार बंद. आणि या पठ्ठ्याने आपण मोपाला लागलो असं गावभर आधीच सांगून ठेवलं होतं. गोव्यात मोटारसायकलीवरून भाडं मारणाऱ्याला पायलट म्हणतात, तर गाव त्याला "मोपाचो पायलट" म्हणून चिडवायला लागलं होतं. नापास होऊन आपल्या वाड्यावर, त्या चिडवणाऱ्या वस्तीत, परतण्यापेक्षा तो त्या दोडक्यांखाली कायमचा झोपला असता.

सरावाला एकच कदेल होती, तिचं डावं चाक सारखं सिंधुदुर्गाकडे वळायचं. टिपरवाला ती ट्रकासारखीच चालवायचा. वळणावर तोंडाने हॉर्न. मागे घेताना क्लीनरसारखी बाजूला थाप मारून, "येंव दी, येंव दी." काजूवाल्या बायका पोटं धरून हसायच्या.

"अरे हळू, खनिज न्हय ता, माणूस आसा."

"पोचल्यावर ओतू नको म्हणजे झाला."

तो हसायचा नाही. निर्विकार तोंडाने खुर्ची पुन्हा दारापाशी न्यायचा आणि पुन्हा आणायचा. शेवटी हात बसला. पोटातलं पाणी हलणार नाही अशी चालवू लागला. मी स्वतः बसून बघितलं, दोनदा झोप लागली.

परीक्षेला दिल्लीकडचे एक साहेब आले. ते स्वतःच प्रवासी होऊन खुर्चीत बसले. गोदामाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं झकास. मग तिथलं दार विमानाचं समजून आत चढायची वेळ आली. साहेब म्हणाले, "अच्छा भैया, मैं जाता हूँ."

टिपरवाल्याने खुर्ची घट्ट धरली.

"नहीं साब, ऐसा नहीं बोलने का. आता हूँ बोलो."

"कहाँ आता हूँ?"

"वापस."

"मुझे वापस नहीं आना. मुझे दिल्ली जाना है."

"जाओ ना. लेकिन आता हूँ बोलके जाओ."

साहेब उठायला बघत होते आणि हा खुर्ची सोडत नव्हता. मी कोपऱ्यात देव पाण्यात घालून उभा. आमच्याकडे उंबऱ्यावर "जातो" कुणी म्हणत नाही. "येतो" म्हणायचं, आणि घरच्यांनी "या" म्हणायचं. हे दिल्लीला कोण सांगणार?

साहेब म्हणाले, "यात्री को विदा करना है, उससे झगड़ना नहीं. आखिरी मौका."

मी त्याला बाजूला घेतलं. "अरे बाबा, नुसतं 'जाइए' म्हण आणि मोकळा हो."

"माणसाक 'जा' कसा म्हणू, मास्तर? आजारी माणूस, एवढ्या वर उडतलो. तेका 'जा' म्हणू?"

"मग दुसरं काही म्हण."

तो विचार करून परतला. आपण पाहुण्याला प्रेमाने म्हणतो ना, निघा आता, उशीर होईल, तेच त्याने जिभेवर घेतलं. खुर्ची दारापाशी थांबवली, छान वाकला आणि म्हणाला, "साब, निकलो."

साहेबांचा चेहरा असा झाला की पत्र्यावरची चिमणीसुद्धा उडाली. त्यांनी खिशातून पेन काढलं. ते काय लिहिणार, हे खिडकीबाहेर दाटीने उभ्या असलेल्या काजूवाल्या बायकांनासुद्धा कळलं. त्यातली एक परीक्षेचे सगळे नियम धाब्यावर बसवून आत ओरडली, "अरे, मेळया म्हण! मेळया!"

मेळया म्हणजे भेटूया. बाजारात, बस थांब्यावर, आम्ही दिवसातून शंभरदा म्हणतो. त्या क्षणी तो शब्द माझ्याही डोक्यात आला नव्हता. टिपरवाल्याने हात जोडले. हिंदी, कोंकणी, जे तोंडात सापडलं ते एकत्र झालं.

"साब, फिर मेळेंगे."

"हाँ हाँ, फिर मिलेंगे," साहेब सवयीने म्हणून गेले. म्हटल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की निरोप झालासुद्धा. पेन तसंच हातात. त्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा खिडकीकडे. मग मिशीत काहीतरी हललं. "चलो, पास," ते म्हणाले. "लेकिन किसी को निकलो मत बोलना."

बायकांनी पत्रा वाजवला. कारापूरचा बाजार बंद पडला असेल इतका. साहेब उठल्यावर टिपरवाला मात्र त्याच खुर्चीत जाऊन बसला. त्याने मला फोन पुढे केला. "घरी तुमीच सांगा, मास्तर. माका बोलूक जमाचा नाय."

मी त्याच्या बायकोला सांगितलं. पलीकडे ती कोंबड्यांना हाकलत ऐकत होती. 

मग ती म्हणाली, "येताना पाव घेवन येवक सांगा. जास्त घे म्हणा. वाड्यार सगळ्यांक वाटूक व्हये, पायलट पास झालो म्हणान."