विश्राम मिस्त्रीचा कान

कसालच्या नाक्यावर विश्राम मिस्त्रीचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार खांब, वर पत्रे आणि खाली तेल पिऊन काळी पडलेली जमीन. तरी घाट चढणारे टॅक्सीवाले लांबून त्याच्याकडेच येत, कारण विश्राम इंजिनाचं टायमिंग कानाने लावायचा. ठिणगी वेळेआधी पडली की इंजिन ठोके देतं, उशिरा पडली की धापा टाकतं. हा बाबा चालू इंजिनाशी कान नेऊन ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्यूटर केसभर फिरवायचा आणि आवाज जिथे गुळगुळीत लागला तिथे बोल्ट आवळायचा. यंत्रबिंत काही नाही. त्याचा त्याला गर्व होता, आणि गर्वाचं घर खाली हे काही कुणी उगाच म्हटलेलं नाही.

सन चौऱ्याऐंशीच्या सुमारास त्याला ऐकू कमी येऊ लागलं. बायको कावेरी जेवायला हाका मारून मारून थकायची. बाहेर मात्र त्याने ताकास तूर लागू दिली नाही. समोरच्याचे ओठ बघायचे, मान डोलवायची, की झालं.

पिंगुळीच्या हरिश्चंद्राने जुनी अँबॅसडर घेतली आणि इंजिन विश्रामकडून बांधून घेतलं. गाडी पहिल्यांदा निघायची म्हणून नारळ ठेवून बाबली नावाच्या म्हाताऱ्याने देवाला गाऱ्हाणं घातलं. म्हणणारा थांबला की जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, ही रीत शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"बा देवा म्हाराजा, ही गाडी घाटात मधीच बंद पडांदे..." इथे बाबलीला खोकल्याची उबळ आली. पुढे 'असा कोणाच्या मनात आसात, तर ता मन बदल' असं यायचं होतं. पण विश्रामने ओठ थांबलेले बघितले आणि एकट्यानेच खणखणीत आवाजात म्हटलं, "व्हय म्हाराजा!"

गाडी बंद पडू दे, यालाच त्याने होकार दिला होता. सगळ्यांनी जिभा चावल्या.

आठवडाही गेला नाही आणि गाडी फोंडाघाटात बंद पडली. दोर बांधून ती कसालला ओढून आणली, तोवर नाक्यावर निकाल लागलाही होता. दोष मिस्त्रीच्या हाताचा नाही, तोंडाचा. बाबलीने घाटाच्या राखणदार देवाचा तोडगाही सांगितला, "राखणदाराक एक कोंबो दी. सुटलंस."

स्वस्तात सुटका होती. पण विश्रामने इंजिन खोललं. पिस्टनचा माथा जळून खड्डे पडले होते. टायमिंग पुढे लागलं होतं, ठिणगी वेळेआधी पडत होती. चढावर इंजिन सारखं ठोके देत होतं, आणि टायमिंग लावतानाच तो ठोका ज्याला ऐकू यायला हवा होता, तो स्वतः विश्राम होता. कान गेला तर आपण मिस्त्री कसले, हा विचार त्याला पोखरू लागला. कोंबडा देऊन हरिश्चंद्राची समजूत पटली असती. पुढच्या गाडीचं काय?

दुसऱ्या दिवशी त्याने नाक्यावर सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "देवाचो काय दोष नाय. माका ऐकाक येणा नाय. टायमिंग मिया चुकीचा लावलंय."

हरिश्चंद्र बघतच राहिला. "ठोको माका ऐकाक येय होतो रे. माका वाटला, मिस्त्रीन लावल्यान म्हणजे गाडी अशीच वाजतली." मग त्याचा आवाज चढला. "आता माझी गाडी कोण बघतलो?"

"मीच. कानान नाय, डोळ्यांनी."

त्याने जळका पिस्टन बदलला आणि कोल्हापूरहून टायमिंग लाइट मागवला. पिस्तुलासारखा दिवा. त्याची वायर पहिल्या प्लगला जोडली की ठिणगीबरोबर तो लुकलुकतो, आणि गरगरणाऱ्या पुलीवरची खूण जागच्या जागी उभी दिसते. टायमिंग बरोबर असेल तर ती खूण इंजिनावर बसवलेल्या काट्यासमोर येते. ऐकायला सोपं, पण हरिश्चंद्राच्या पुलीवर गंजाखाली खूणच दिसेना. विश्रामने ती खरवडून काढली, तिला चुना लावला. उन्हात दिवा दिसेना, तर डोक्यावर गोणपाट घेऊन बॉनेटखाली शिरला. "फोटो काढतस काय रे?" म्हणून येणारा-जाणारा हसत होता. विश्रामला ते ऐकू येत नव्हतं, हा एक फायदाच. खूण थरथरत राहिली तेव्हा तो वैतागून उठला नाही. डिस्ट्रिब्यूटरचा दांडा झिजलाय हे त्याने शोधलं, नवा बसवला, पुन्हा गोणपाटात शिरला. अखेर पांढरी रेघ काट्यासमोर येऊन स्थिर उभी राहिली. त्याने बोल्ट आवळला, पण त्याची खातरजमा घाटातच होणार होती.

फोंडाघाटाच्या चढावर तो हरिश्चंद्राशेजारी बसला. इंजिनावर ओझं पडलं की ठोका इथेच वाजायचा. विश्राम रस्त्याकडे बघतच नव्हता. त्याची नजर हरिश्चंद्राच्या तोंडावर खिळली होती. एका वळणावर हरिश्चंद्र काहीतरी बोलला.

"मोठ्यान बोल रे! माका ऐकाक येणा नाय!"

"ठोको नाय, म्हणतंय!" हरिश्चंद्र घसा फोडून ओरडला. "काय्येक ऐकाक येणा नाय!"

"माका पण नाय!" विश्राम म्हणाला, आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत राहिला.