शाळेच्या दगडावरची सहा नावं

दिल्लीतल्या आमच्या शाळेने शहीद माजी विद्यार्थ्यांचं स्मारक उभारायचं ठरवलं आणि नावं शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलं. शाळा कॅन्टोन्मेंटला लागून, मी इतिहासाची शिक्षिका, वर मराठी. फौजी मराठी घरांत ही सहज शिरेल, असं प्राचार्यांना वाटलं. सहा नावं मिळाली. सातव्यासाठी मी दिल्लीतल्याच द्वारका भागातल्या एका सोसायटीत गेले.

त्या मुलाची आई साताऱ्याकडची. तिने पोहे केले, मुलाचा वर्दीतला फोटो माझ्या हातात दिला. "मॅडम, नाव बिल्कुल पक्कं ना? मग दीर-जावेला गावाहून बोलावते. बाकी आता मला काय पाहायचंय?"

मी छातीठोकपणे हो म्हणाले. रजिस्टर न बघता. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी रजिस्टर काढलं. नर्सरीपासून आमच्याकडे असलेला मुलगा नववीत दाखला देऊन घालवलेला. दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून कच्ची मुलं आम्ही नववीतच काढतो, अजूनही काढतो. पुढे तो ओपन स्कूलमधून दहावी झाला, फौजेत गेला आणि सीमेवर मारला गेला. आमच्या रजिस्टरात त्याच्यापुढे शेरा होता : 'प्रगतीची आशा नाही.' खाली वर्गशिक्षिकेची सही. माझी. शाळेतला त्याचा चेहरा काही केल्या आठवेना, याची जास्त लाज वाटली.

प्राचार्य म्हणाले, "मॅडम, वो हमारा पास-आउट थोड़े ही है. नाम नहीं जाएगा. माताजी को बुला लीजिए, शॉल दे देंगे, फोटो अच्छी आएगी."

भांडले असते तर ते रजिस्टर सगळ्यांसमोर उघडलं असतं आणि सही कुणाची ते दिसलं असतं. मी शेपूट घातली. आईला फोन करून खरं सांगायचं, तेही रोज उद्यावर ढकलत राहिले.

कार्यक्रमाला ती दीर-जावेला घेऊन आली. शॉल मीच तिच्या खांद्यावर घातली. टाळ्या झाल्या. फोटो खरंच चांगला आला.

पाहुणे चहाकडे वळले तशी ती मला हात धरून दगडापाशी घेऊन गेली. "सगळं इंग्रजीत आहे हो. तुम्ही वाचून दाखवा ना. जाऊबाई व्हिडिओ काढतायत, गावाकडे पाठवायचाय."

तेव्हा तरी तोंड उघडायचं होतं. मी वाचायला लागले. एकेक नाव, रँकसकट, वर्गात हजेरी घेतात तशा खणखणीत आवाजात. प्रत्येक नावाला ती हात जोडत होती.

सहावं झालं. मी थांबले.

तिने पदर सारखा केला, जावेला जवळ यायची खूण केली आणि म्हणाली, "हां मॅडम, आता आमचं."

"एवढीच आहेत," मी म्हणाले.