अण्णाचा वला आवाज

अण्णा माठ घ्यायला निघाला की मला लाज वाटायची. मुरुमच्या बाजारात कुंभारणीपुढं तो उकिडवा बसायचा, एकेक माठ उचलून बोटाच्या पेरानं वाजवायचा, मग माठाच्या तोंडात तोंड घालून "हूं" करायचा आणि कान लावून ऐकत राहायचा. वीस-पंचवीस माठांचं असं झालं की काहीच न घेता उठायचा. एकदा कुंभारीण म्हणाली, "घ्यायचा न्हाय तर मुके कशाला घेता ओ माझ्या माठांचे?" आजूबाजूचे सगळे हसले. अण्णा शांतपणे म्हणाला, "पाणी गार ठेवतील बाई तुमचे माठ. पर वाजत्यात कोरडे."

अण्णा माझा थोरला भाऊ. नवऱ्यानं दुसरी बायको केली तेव्हा मी मुरुमला त्याच्याकडं परत आले. वहिनी पहिल्याच बाळंतपणात गेली होती, मूलही गेलं होतं. घरात आम्ही दोघंच. मी दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायची. अण्णा लग्नाच्या बँडमध्ये बेंजो वाजवायचा. बटणं दाबून तारा छेडायची ती लांबट पेटी, तिला आमच्याकडं बेंजो म्हणतात. मोटारीच्या बॅटरीवर चालणारं, आवाज मोठा करायचं मशीन आणि पत्र्याचा मोठा भोंगा त्याचा स्वतःचा होता. वरातीत भोंगा बैलगाडीवर बांधायचे आणि त्याच्या तोंडापुढं हातभर अंतरावर अण्णा बसायचा. एवढा जवळ का, म्हणून मी एकदा विचारलं. "लांब बसलं की दुसऱ्यानं वाजवल्यावानी वाटतं," म्हणाला. त्याच भोंग्यानं पुढं त्याचे कान खाल्ले.

'कोरडं' हा त्याचा शब्द होता. आमटी बेचव झाली की कोरडी. गोड बोलून काम टाळणारा पाटील कोरडा. बँडमधला पिपाणीवाला श्वास चुकला की कोरडा. मी तर जन्मापासून कोरडीच. पण माझ्याबाबतीत तो पुढं आणखी एक वाक्य जोडायचा, "सरू कोरडी हाय, म्हणून तिचा भरवसा. हिच्या तोंडातून गोड शब्द निघंल तर मी मिशी काढीन." हे तो चारचौघांत सांगायचा. मला त्यात मान वाटायचा, हे खोटं कशाला बोलू?

बाजाराच्या तोंडाशी एक हॉटेल होतं. मालकानं रेडिओ बाहेरच्या कट्ट्यावर ठेवला होता, म्हणजे बायाबापड्यांनाही ऐकू यायचा. एका बाजारी मी डोक्यावरची पाटी उतरवून तिथंच अण्णाजवळ बसले होते. दूरच्या कुठल्या तरी केंद्रावर हिंदी गाणी संपली आणि निवेदकानं सांगितलं की समुद्राच्या लाटांवर फळ्या घेऊन घसरणारी पोरं परदेशात आहेत, ती पोरं अशी गिटार वाजवतात. मग ते लागलं. गाणं नव्हतं, नुसतं वाजवणं. जाड तारेवर हात इतका भराभर की उतारावरून शेळ्या सुटल्यासारखं. आणि प्रत्येक सुराच्या मागं एक शेपूट. आवाज सुटला की लगेच संपत नव्हता, पाण्यात पडल्यासारखा थरथरत लांब जात होता. दोन-अडीच मिनिटांत संपलं. अण्णाच्या हातातला चहा तसाच होता. मला म्हणाला, "सरू, ऐकलंस? वला हाय आवाज. लोखंडाची तार आन् वला आवाज."

मी म्हटलं, "दात कुडकुडल्यागत वाजवतोय."

"व्हय," म्हणाला, "पाण्यात हुभा असंल."

तिथून त्याचं खूळ सुरू झालं. दर बाजारी तो कट्ट्यावर बसून राहायचा. पहिलं धरून वर्षभरात ते तीनदा लागलं, तिन्ही वेळा मी तिथं होते, कारण तो मला उठू द्यायचा नाही. घरी आल्यावर बेंजोच्या बारीक तारा काढून त्यानं जाड चढवल्या, त्या ट्रकच्या लोखंडी वायरीतून उसवलेल्या होत्या. तार छेडायला म्हशीच्या शिंगाची नखी तासली. तार मधे न छेडता तारा टेकतात त्या घोडीजवळ छेडायला लागला, आणि तळहाताची कड तारेवर टेकवून आवाज अर्धा दाबायचा. तारांखाली लोहचुंबक बसवलं, त्याला केसाएवढी तांब्याची तार गुंडाळली आणि ती मशीनला जोडली. मी भाकऱ्या थापत असताना मागं दिवसभर तेच. तार खणखणायला लागली होती, हातही तसा पळायला लागला होता. पण ते शेपूट येत नव्हतं. दर वेळी हात थांबवून तो म्हणायचा, "कोरडं."

आवाज वला, म्हणजे ओला आहे, वाजवणारी पोरं समुद्रावरची आहेत, तर तो आवाज पाण्यातूनच येत असणार, असं त्यानं मनाशी धरलं. आमच्या भागातल्या माणसाला दुसरं काय सुचणार? समुद्र आमच्यात कुणी पाहिला नव्हता. पाणी म्हणजे आड. आमच्या गल्लीत आठ घरांचा एक आड होता, अरुंद आणि खोल. अण्णानं भोंगा तोंड खाली करून दोरीनं आडात सोडला, आपण कट्ट्यावर बेंजो घेऊन बसला आणि एक तार छेडली. आडातून जे वर आलं त्यानं माझ्या हातातली घागर कलली. हॉटेलातलं ते नव्हतं, पण त्या आवाजाच्या घरातलं कुणी तरी होतं.

"तोकडं हाय," अण्णा म्हणाला. "पाणी लई वर हाय. खाली गेलं की शेपूट लांबंल."

शेजारची गंगाक्का पाणी शेंदायला आली होती. तिनं विचारलं, "पाणी खाली गेलं की काय म्हणालास?"

"आवाज लांबंल, आक्का."

"आन् आमी काय प्यावं? तुजा आवाज?"

त्याच सुमारास त्याला एक गोष्ट कळली आणि ती त्यानं फक्त मला सांगितली. माकणी गावातल्या एका लग्नात बँड थांबला तरी हा वाजवतच राहिला. लोकांना वाटलं, गंमत करतोय. परत येताना बँडमास्तरनं सांगितलं, आता तुम्ही नुसतं मशीन सांभाळा. घरी येऊन अण्णा माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "डावा कान गेला. उजवा वाकळ पांघरून ऐकल्यागत ऐकतो. एकदा माझ्या हातातनं तो आवाज निघाला पायजे, सरू. मग गेले कान तरी जाऊ दे. मला कळायचं न्हाय आला का न्हाय ते. तुला कळंल. तू तीनदा ऐकलायस, आन् तू खोटं बोलत न्हाईस."

मी म्हटलं, "मला रानात जायचंय."

"दुपारच्याला ये," म्हणाला.

त्या उन्हाळ्यात मी रोज दुपारी आडाच्या काठावर बसले. अण्णानं दोरीला परसापरसाला, म्हणजे पुरुषभर अंतरानं, गाठी मारल्या होत्या. पाणी एक गाठ खाली गेलं की तो भोंगाही एक गाठ खाली सोडायचा. मग वाजवायचा आणि माझ्याकडं बघायचा. मी मान हलवायची, नाही. आठवडा गेला की शेपूट थोडं लांबायचं. मी बोटांनी दाखवायची, एवढं लांबलं. त्याचा चेहरा उजळायचा. गल्लीतल्या बाया रोज आडात डोकावून कपाळाला हात लावायच्या आणि माझा भाऊ त्याच आडात डोकावून खूश व्हायचा. मी त्याला ओरडून सांगितलं, "लोकांचा घसा वाळतोय आन् तू हसतोस. लाज हाय का?" तो म्हणाला, "मी थोडंच पितोय ते पाणी. मी नुसतं वाट बघतोय." आड आटवायला भोंग्याचं काय चालतं? पण बायांना वाटायला लागलं होतं की पाणी या भोंग्यापायीच उतरतंय. खरं सांगायचं तर एखाद्या दिवशी मलाही वाटायचं.

शेवटी एका सकाळी आडावर मला अडवलंच. पाणी तळाला गेलं होतं, घागरीत निम्मा गाळ येत होता. गंगाक्कानं माझा पोहरा धरला. म्हणाली, "सरू, भावाला सांग. आजचा दिवस. उद्या भोंगा आडात दिसला तर आमी तुमची पाण्याची दोरीच कापू. मग जा ओढ्यात झरा उकरत." मागं सात-आठ जणी उभ्या होत्या. मी अर्धी घागर गाळ घेऊन घरी आले आणि अण्णाला ओरडून सगळं सांगितलं. त्यानं दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "आजचा दिवस हाय ना? बास की."

दुपारी गल्ली निजली होती. अण्णानं भोंगा शेवटच्या गाठीपर्यंत सोडला. बेंजो मांडीवर घेतला, शिंगाची नखी कपाळाला लावली. मी काठावर बसले. त्यानं हात सोडला.

आणि तो आवाज आला.

जवळचा नव्हे, त्या घरातला नव्हे, तोच आला. जाड तार खणकन सुटत होती, आडाच्या भिंतींना लागून थरथरत होती आणि सावकाश वर येऊन विरत होती. ती विरायच्या आत दुसरी सुटत होती. रेडिओत ऐकला होता त्यापेक्षा चांगला होता. मला गाण्यातलं काही कळत नाही. माझ्या अंगावर काटा आला होता, एवढं मला कळलं.

अण्णानं हात थांबवला. माझ्याकडं बघितलं. "आला?"

आला म्हटलं असतं तर तो उद्याही भोंगा सोडणार होता आणि परवाही. तो बायांना बधला नसता. आणि घागर घेऊन त्या आडावर मला जायचं होतं. भाऊ बेंजो वाजवत बसतो, पाणी बहीण आणते. मी थकले होते. हे एवढंच कारण आहे, दुसरं शोधायला गेले तर सापडत नाही.

मी मान हलवली. "न्हाय."

"जरा बी न्हाय?"

"कोरडंच हाय," मी म्हटलं.

त्यानं परत विचारलं नाही. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर त्यानं भांडण काढलं असतं. मी सांगितलं म्हणून ऐकलं. भोंगा वर ओढला, पुसला, दोरीच्या गाठी एकेक करून सोडल्या. चार दिवसांनी भोंगा बँडवाल्यांना देऊन टाकला. मशीन माळ्यावर गेलं. बेंजोच्या तारा काढून त्यानं परसात दोडक्याच्या वेलाला मांडव बांधला. पंधरा दिवसांत पाऊस झाला आणि आड भरला. गंगाक्का मला हसून बोलायला लागली.

पुढं त्याचा उजवा कानही गेला. मग त्याचं वाजवून बघणंही थांबलं. दारावर टिचकी मारेना, डब्याला कान लावेना. उन्हाळा आला की म्हणायचा, "माठ तूच आण. कसला बी चालंल." बँड असलेल्या लग्नाला कुणी त्याला बोलावलं की तो जायचा आणि जेवून परत यायचा. मी बोललेलं त्याला ओठांवरून थोडं कळायचं. बाकी मी शाळेच्या दगडी पाटीवर लिहायची. माझी शाळा चौथीपर्यंत, पण अक्षर मोठं आहे.

तो अंथरुणाला लागला तेव्हा मी एक दिवस पाटी घेऊन त्याच्याजवळ बसले. मग लिहिलं, "त्या दिवशी आडातला आवाज आला होता. तोच होता. मी खोटं बोलले."

त्यानं पाटी डोळ्यांजवळ धरून वाचलं, एकेक शब्द ओठांनी म्हणत. दोनदा वाचलं. मग तळहातानं सगळं पुसलं आणि माझ्याकडं असं बघितलं की जणू मी लहान होते आणि पडले होते.

"आता मरताना मला गोड बोलू नको, सरू," म्हणाला. "तुझ्या तोंडाला शोभत न्हाय."

मी परत लिहिलं. त्यानं पाटी हातात घेतली नाही. तोंड भिंतीकडं करून निजला. तिसऱ्या दिवशी गेला.

तो गेल्यावर मी ते जुनं मशीन उमरग्याला एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडं नेऊन दिलं. बोलता बोलता त्याला रेडिओतल्या गिटारीची, भोंग्याची आणि आडाची हकीकत सांगितली. त्याला हसू आवरेना. म्हणाला, "मावशी, पाण्याचा काय संबंध? त्यांच्या गिटारीच्या मशीनमध्ये स्प्रिंगा असतात. पत्र्याच्या डब्यात ताणून बसवतात, त्यातून आवाज फिरवून आणतात. पाण्याचा थेंब लागत नाही. कोरडं काम आहे सगळं." त्यानं मला सायकलच्या सीटची स्प्रिंग दाखवली. म्हणाला, याच जातीची, थोडी बारीक. तशा स्प्रिंगा आमच्या गल्लीच्या उकिरड्यावर पडलेल्या असायच्या. अण्णा त्यांना ओलांडून आडाकडं जायचा.

आता गल्लीत नळ आले आहेत. आड फरशी टाकून बुजवून टाकला आहे. त्यावर बाया पापड वाळवतात.

उन्हाळ्यात माठ लागतोच. बाजारात कुंभारीण म्हणते, "वाजवून घ्या की, आजी." मी वाजवत नाही. समोरचा पहिला उचलते आणि घरी येते. दोनदा गळका निघाला. गळका तर गळका, तसाच वापरला.