सरांसमोरचं स्टूल

माणूस समोर नसेल तर सरांना बोलताच येत नसे. फोनवर यंत्रातली बाई बोलायला लागली की ते फोन ठेवून देत. म्हणत, "तिला माझं ऐकायचंच नाहीये, मग मी कशाला तोंड शिणवू?" अशा माणसाने घरात बसून कॅमेऱ्यापुढे गणित शिकवायचं ठरवलं, तेव्हा मी मनात म्हटलं, हे काही होणार नाही.

मी कोथरूडला त्यांच्याकडे स्वयंपाकाला होते. त्याआधी बरीच वर्षं ते नारायण पेठेत शिकवण्या घेत. गुडघे गेले आणि जिने बंद झाले. मग घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशननंतर आवाज राहीलच असं नाही. बंगळुरूची मुलगी म्हणाली, "बाबा, आहे तोवर सगळं रेकॉर्ड करून ठेवा." तिने कॅमेरा, त्याची तिकाटणी, एक गोल दिवा आणि सदऱ्याला लावायचा माइक पाठवला. सरांनी खोकं उघडून पाहिलं आणि म्हणाले, "आहेर बरा आहे. नवरामुलगा म्हातारा आहे एवढंच."

मागच्या खोलीतला पलंग आम्ही बाहेर काढला. फळा लावला. पण आवाज घुमायचा. मुलीने फोनवर भिंतीला लावायचं काहीतरी महागडं सांगितलं. मी सहसा मध्ये बोलत नाही. त्या दिवशी हळूच म्हटलं, "गोधड्या टांगल्या तर?" घरून माझ्या हातच्या पाच गोधड्या आणल्या आणि दोऱ्या बांधून तिन्ही भिंतींवर सोडल्या. सरांनी टाळी वाजवून पाहिली. टाळी तिथल्या तिथे मेली. "झाला स्टुडिओ," ते म्हणाले. "आता अंथरूण घातल्यासारखं वाटून मुलं झोपली नाहीत म्हणजे मिळवली."

शूटिंगला पंखा बंद, खिडकी बंद. घामाने सदरा पाठीला चिकटायचा. वरच्या मजल्यावर मिक्सर सुरू झाला की थांबायचं. सरांनी एकदा वरच्या वहिनींना दारात उभं राहूनच सांगितलं, "अहो, चटणी होईपर्यंत मी थांबतो. फक्त आठवड्याची एकदम वाटा."

पहिले दोन दिवस नुसते वाया गेले. सर फळ्यावर लिहीत, वळत आणि कॅमेऱ्याकडे बघून गप्प होत. तिसऱ्या दिवशी मला हाक मारली. कॅमेऱ्याच्या डावीकडे स्टूल ठेवलं होतं. "सुमनताई, इथे बसा. पोळ्या नंतर. मला कुणाला तरी सांगू दे."

मी म्हटलं, "सर, माझी चौथीच झालीय."

"म्हणूनच. ज्यांना येतं त्यांना सांगून काय उपयोग?"

अशी मी रोज अकरा वाजता स्टुलावर बसू लागले. सर अपूर्णांक मला सांगत आणि कॅमेरा बाजूने ऐकत असे. मला कळलं नाही तरी विचारायची लाज वाटायची, म्हणून मी मान हलवायची. ते त्यांनी दुसऱ्याच दिवशी पकडलं. "मान नको. मान सगळेच हलवतात, बैलसुद्धा हलवतो. तोंडाने सांगा." मग मी हळू आवाजात, समजलं तेवढं सांगायची. चुकलं की ते फळा पुसून पहिल्यापासून सुरू करत. बेरीज चार वेळा घेतली. चौथ्यांदा मला खरंच समजली, आणि चार घरची कामं करून दुखणारे पाय मी तेवढ्यापुरते विसरले.

आवाज मात्र रोज उतरत होता. एका वाक्यानंतर कोमट पाणी लागायचं. "सोमवारी गळा कापणार आहेत," ते म्हणाले. "भागाकार त्याआधी उरकायला हवा."

भागाकार रविवारी झाला. अर्ध्याला पावाने भागायचं तर दुसरा अपूर्णांक उलटा का करायचा, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मला समजलं नाही. दुसऱ्यांदा सांगताना आवाज फाटत होता, कपाळावरची शीर फुगली होती. तिसऱ्यांदा सांगायला लावायचा मला धीर झाला नाही. मी मान हलवली, आणि पाणी गरम करायचं निमित्त करून उठले.

ऑपरेशननंतर आवाज आला नाही. सर पाटीवर लिहू लागले. महिन्याभरात मुलगी न्यायला आली. मी गोधड्या काढून घड्या घालत होते, तेव्हा त्यांनी पाटी पुढे केली. "भागाकार समजला?" मी मान हलवली. त्यांनी पाटी पुसली आणि लिहिलं, "तोंडाने." मी हातातल्या गोधडीची घडी मोडून पुन्हा घातली. खाली गाडी उभी होती. पुढच्या उन्हाळ्यात सर बंगळुरूलाच वारले.

मुलीने सगळे धडे कुणालाही फोनवर बघता येतील असे नेटवर टाकलेत. एका धड्याखाली कुणीतरी लिहून विचारलंय, सर कॅमेऱ्यात न बघता सारखे बाजूला का बघतात? मी उत्तर दिलेलं नाही. आणि भागाकाराचा धडा कितीतरी दिवस उघडला नव्हता.

परवा दोन कामांच्या मध्ये वेळ होता म्हणून सोसायटीच्या बाकावर बसून लावला. सर डावीकडे बघत सांगतात. मग स्टूल सरकल्याचा आवाज येतो. ती मी. कॅमेरा तसाच चालू राहिला होता, हे मला ठाऊक नव्हतं. सर थोडा वेळ रिकाम्या स्टुलाकडे बघतात. मग मान वळवून सरळ कॅमेऱ्यात बघतात. सगळ्या धड्यांत एवढं एकदाच. फाटक्या आवाजात म्हणतात, "मान हललेली दिसली. समजलं नाही, तेही दिसलं. मागे जाऊन पुन्हा बघा. कितीही वेळा बघा. यात माझा घसा दुखत नाही."

पुढच्या घरी जायला दहा मिनिटं होती. मी धडा मागे नेला. पाय दुखत होते तरी स्टुलावर बसायची तशी ताठ बसले, आणि या वेळी मान हलवली नाही.