कळमनुरीच्या बाजारातला समुद्र

भाद्रपदातल्या एका सकाळी कुरुंद्याहून शेजारच्या गंगाकाकूंचा फोन आला. "ताई, रंगनाथदादा दार उघडून न्हाई राहिले. लई हाका मारल्या..." हिंगोलीहून मी पोहोचेपर्यंत माणसांनी दार काढलं होतं. माझा थोरला भाऊ खाटेवर कुशीवर होता, नुसता झोपल्यासारखा. झोपेतच गेला, असं डॉक्टर म्हणाले. अंगणात बसलेल्यांपैकी कुणीतरी दबक्या आवाजात विचारलं, "मुंबईला काय करत व्हते हे?" दुसरा म्हणाला, "समुद्रावर कायतरी व्हते म्हणं." नोकरी संपवून गावी परतून त्याला कितीतरी वर्षं झाली होती आणि गावाला त्याची एवढीच ओळख होती.

दादा जुहूच्या चौपाटीवर जीवरक्षक होता. बुडणाऱ्याला पाण्यातून ओढून आणायचं, ही त्याची नोकरी. पोहायला तो शिकला आमच्या मळ्यातल्या विहिरीत, हळदीच्या वाफ्यांना पाणी सोडून झालं की उडी मारायची, असं करत. पुढं एका ओळखीच्याच्या खोलीवर म्हणून मुंबईला गेला आणि तिकडचाच झाला. लग्नाचं काढलं की हसून दुसरं बोलायचा. माझ्या लग्नानंतर आम्ही दोघं एकदा त्याच्याकडे गेलो, तेव्हा मी समुद्र पहिल्यांदा पाहिला, तोच शेवटचा. घरात मुका असणारा माझा भाऊ तिथं भडाभडा बोलत होता. "ही जागा पह्यलं बेट व्हती. ओहोटी लागली की लोकं चिखलातून चालत इकडं यायचे. कोळ्यांची घरं अन् माडच माड. मग मधली खाडी बुजवली, बंगले आले..." आमच्या डोक्यावरून विमान खाली उतरत गेलं, तरी त्यानं मान वर केली नाही. नजर पाण्यावरच. मी विचारलं, "काहून असं बघतो?" तेव्हा त्यानं बोट दाखवलं. दोन्हीकडे लाटा फुटत होत्या आणि मधला पट्टा तळ्यासारखा शांत होता. "तिथं खालून ओढ असती. लाटेला माणूस भितो. शांत पाणी दिसलं की बराबर तिथंच उतरतो."

अशाच शांत पाण्यात कळमनुरीकडचा एक कॉलेजातला मुलगा ओढला गेला. दादानं हे मला एकदाच सांगितलं. किनाऱ्यावरून त्याचा बाप ओरडत होता, "वापस ये रे लेका!" आणि ती आपल्याकडची बोली ऐकत दादा लाटेत शिरला. मुलाला त्यानं बाहेर आणलं, पण जिवंत नाही... मुंबईत त्या बापाचं कुणी नव्हतं. दादा त्याच्याजवळ वाळूत बसून राहिला. बऱ्याच वेळानं बापानं विचारलं, "तुमी आपल्याकडले का?" दादा म्हणाला, "व्हय. कुरुंद्याचा." तेव्हा कुठं त्या माणसाला रडू फुटलं.

राख सावडायच्या दिवशी धोतर नेसलेले एक म्हातारे गृहस्थ आले. कुणाशी न बोलता कडेला उभे राहिले. माणसं पांगल्यावर माझ्याजवळ येऊन म्हणाले, "मी मारोतराव. माझं पोरगं तुमच्या दादानं पाण्यातून आणलं व्हतं." मग त्यांनी सांगितलं : गावी परतल्यावर दादा पत्ता काढत त्यांच्या घरी गेला होता, आणि तेव्हापासून दर बाजारच्या दिवशी कळमनुरीला दोघं भेटत. दादाला बोलायला कुणी नाही, म्हणून मी इतकी वर्षं हळहळत होते. तो याबद्दल मला एका शब्दानंही बोलला नव्हता.

दिवाळीनंतर मी कळमनुरीला गेले. बाजार गच्च भरला होता. एका हॉटेलातल्या बाकावर मारोतराव एकटेच बसले होते. मला पाहून सरकले. चहा आला. मी विचारलं, "काय बोलायचे हो तुम्ही दोघं?"

"पयल्यांदा तर समुद्राचं नाव काढलेलं मला खपत न्हवतं," ते म्हणाले. "मग एक दिवस मीच इचारलं... आता तिथं कसं असंल म्हणून. पोरगं तिथं गेलं ना माझं. तवापासून त्यो दर बाजारला सांगायचा, या महिन्यात समुद्र काय करून राहिला ते." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "दिवाळी झाली. आता कसं असंल तिथं, ताई?"

मी एकदाच गेलेली, तीही किती वर्षांपूर्वी. मला काहीच माहीत नव्हतं. मी नाही म्हणून मान हलवली.

मारोतरावांनी कप खाली ठेवला. "पावसाळ्यात समुद्र वाळू खाऊन टाकतो," ते सावकाश सांगू लागले. "किनारा निस्ता उतार होऊन जातो. दिवाळीनंतर ती वाळू हळूहळू माघारी येती. मग बारके बारके खेकडे निघत्यात. वाळूच्या गोळ्या करत्यात, मोहरीएवढ्या. सकाळी माणसं यायच्या आधी सगळा किनारा त्या गोळ्यांनी भरलेला असतो..."

ते सांगत राहिले. त्यांनी तो समुद्र त्या एका दिवसानंतर पुन्हा कधी पाहिला नव्हता. शेजारी मिरच्यांचा भाव चालला होता, आणि मी माझ्या भावाचं बोलणं ऐकत होते.