दळवी सरांनी अंगावर घेतलेली चूक

सर गेल्याचं कळलं तेव्हा मी कॉलेजच्या संगणक कक्षात होते. स्टाफच्या ग्रुपवर दोनच ओळी... सरांना राहत्या घरी हृदयविकाराचा झटका, अंत्यविधी अकरा वाजता. पोचले तेव्हा अर्धं कॉलेज सरांच्या अंगणात उभं होतं. त्या गर्दीतून तिसऱ्या वर्षाची अंकिता माझ्याजवळ आली, हात धरून रडली आणि सोबतच्या मुलींना म्हणाली, "सर चुकले होते माझ्या बाबतीत, पण मॅडम उभ्या राहिल्या म्हणून मी आज शिकतेय." मी गप्प राहिले. या गोष्टीला महिना झाला. ते गप्प राहणं मनातून जात नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

दळवी सर भूगोल शिकवायचे. मी त्यांची विद्यार्थिनी. पोलादपूर तालुक्यातल्या उमरठच्या वरच्या अंगाला आमची वाडी. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं, आणि हे सांगताना मी मान खाली घालत नाही. पहिल्या वर्षी मी पेपरात 'उन्हाळ्यात विहिरीला पाणी नाय' असं लिहिलं. सरांनी ते खोडलं नाही. शेजारी लिहिलं, 'घरी असंच बोल. इथलंही शीक.' मी शिकले. पुढे त्याच कॉलेजात संगणकाची शिक्षिका म्हणून लागले. जागा कंत्राटी, नेमणूक दरवर्षी नव्याने व्हायची. सर चारचौघांत मला मॅडम म्हणायचे आणि व्हरांड्यात गाठ पडली की, "काय गो पोरी, जेवलीस का?"

गेल्या वर्षी प्राचार्यांनी माझ्यावर काम टाकलं, सगळ्या प्राध्यापकांना एआय वापरायला शिकवायचं. शनिवारी दुपारी ज्यांनी मला शिकवलं तेच बाकांवर आणि मी फळ्यापाशी. कुणी त्याच्याकडून प्रश्नपत्रिका काढून घेई, कुणी मुलीच्या लग्नाची पत्रिका. सरांनी त्याला सावित्री नदीबद्दल विचारलं. त्यानं झोकदार परिच्छेद लिहून दिला. सर चष्मा वर करून म्हणाले, "याला सावित्री ठाऊक हाय, पण सावित्रीला हा ठाऊक नाय." सगळे हसले. मग कुणीतरी विचारलं, मुलांनी याच्याकडूनच लिहून आणलं तर ओळखायचं कसं? मला माहीत नव्हतं. पण त्या माणसांसमोर 'माहीत नाही' म्हणायला जीभ वळेना. मी ठोकून दिलं, "त्यालाच विचारायचं. मजकूर टाकायचा आणि विचारायचं, हे तू लिहिलंस का." सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं. सरांनीही.

दुसऱ्या सत्रात सरांनी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना प्रकल्प दिला, आपापल्या वाडीचं पाणी. अंकिता पोलादपूरच्या पलीकडच्या वाडीतली. वर्गात तोंड उघडायची नाही आणि उघडलं तर हाय-नायची बोली. तिची फाईल मात्र शुद्ध, घडीव मराठीत. सरांना संशय आला. त्यांनी यंत्राला विचारलं आणि यंत्र म्हणालं, होय, हे मी लिहिलं. प्रकल्प बाद झाला. पालकांना पत्र जायचं ठरलं, शनिवारच्या स्टाफसभेनंतर. अंकिता गुरुवारी माझ्याकडे आली. "मॅडम, मी नाय केलंय ओ. आजीला विचारून लिवलंय सगळं. बाबांना पत्र गेलं तर मला मुंबईला नेतील, वहिनीच्या पोरांना सांभाळायला. त्यांना निमित्तच हवंय."

शुक्रवारी सकाळी मी माझा कॉलेजातला जुना निबंध यंत्रात टाकला आणि तोच प्रश्न विचारला. उत्तर आलं, होय, हे मी लिहिलं आहे. मी तो लिहिला तेव्हा हे यंत्र जन्मालाही आलं नव्हतं. भूगोलाच्या खोलीपर्यंत दोनदा गेले आणि दोनदा परत फिरले. माझ्या नेमणुकीचा विषय पुढच्याच महिन्यात निघणार होता. शेवटी मधल्या सुट्टीत आत गेले आणि सगळं सांगितलं. सरांनी कपाटातून आपल्या जुन्या टिपणांची वही काढली. पुराच्या चिखलाची रेघ अजून कडेला होती. म्हणाले, "यातलं एक पान टाईप कर." केलं. विचारलं. यंत्रानं तेही आपलंच म्हणून सांगितलं.

सरांनी वही मिटली. मग हळू आवाजात म्हणाले, "यंत्राचं सोड. ही पोर इतकं चांगलं लिहील कशी, हे माझ्या मनात आधी आलं. मग मी त्याला विचारायला गेलो." ते ऐकताना मला माझा पहिल्या वर्षाचा पेपर आठवला आणि मी नजर फिरवली.

त्यांनी लगेच अंकिताला बोलावलं. समोर खुर्चीवर बसवलं, तिची फाईल टेबलावर पालथी घातली आणि म्हणाले, "आता न बघता सांग." पोरीनं आधी पालथ्या फाईलकडे बघितलं. मग बोलायला लागली... कुठला झरा शिमग्याआधी आटतो, कुठला मे अखेर टिकतो, दरड आल्यावर वरच्या झऱ्याचं तोंड कसं सरकलं, आजीनं ते कुठल्या झाडाच्या खुणेवरून शोधलं. फाईलमध्ये होतं ते सगळं, आणि नव्हतं तेही. सरांनी फाईल उलटून पहिल्या पानावर तिच्या आजीचं नाव लिहिलं, तिच्याकडे बघून म्हणाले, "मी चुकलो, बाळ."

शनिवारच्या सभेत त्यांनी पत्र जाण्याआधीच रद्द केलं. प्राचार्यांनी विचारलं, यंत्राला विचारायची कल्पना कुणाची? मी उठायला लागले. सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझीच. उतारवयात शहाणपण सुचलं." हशा झाला. मी परत खाली बसले. नंतर व्हरांड्यात गाठलं तर म्हणाले, "मला वर्षभरात घरी बसायचंय. तुला उभं राहायचंय. पण त्या पोरीला खरं सांग गो, सवडीनं."

पुढं त्यांनी प्रत्येक प्रकल्प तसाच तपासला, फाईल पालथी घालून. यंत्राला बंदी घातली नाही. मुलांना सांगायचे, त्याला खुशाल विचारा, मग त्याचं उत्तर घरातल्या म्हाताऱ्यांना वाचून दाखवा आणि ते कुठं चुकलंय ते लिहून आणा. शनिवारच्या वर्गातले बाकीचे प्राध्यापकही हळूहळू तेच करू लागले. सगळ्यांना सवड मिळाली. अंकिताला खरं सांगायची सवड मला तेवढी मिळाली नाही.

परवा अंकिता भूगोलाच्या खोलीत तिची फाईल न्यायला आली. सरांचं टेबल अजून तसंच आहे. मी हा लेख इथपर्यंत लिहून नेला होता. म्हटलं, अंकिता, बस, तुला काही वाचून दाखवायचंय, सरांबद्दल... आणि माझ्याबद्दलही. पहिल्या ओळीवरच अडले. तिनं माझ्या हातातले कागद घेतले, टेबलावर पालथे ठेवले आणि समोरच्या खुर्चीत बसली.

"मॅडम," ती म्हणाली, "न बघता सांगा."