तबूकच्या वाळूतलं रोम

फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. काही महिने रिकामा बसून घरच्यांच्या डोक्याला ताप दिला आणि मग सौदीत तबूकला एका बांधकाम कंपनीत सिक्युरिटी सुपरवायझर झालो. तिथे सेफ्टीचं काम बघणारा माजी हवालदार दत्ता शिंदे भेटला. आम्ही एकाच इंजिनिअर रेजिमेंटचे.

फौजेत मोहिमेआधी जमिनीवर त्या मुलखाचं सँड मॉडेल करतात. साहेब त्यावर काठी ठेवून ऑर्डर सांगतो आणि शेवटी विचारतो, "कोई शक?" दत्ताने कॅम्पच्या मागे असंच मॉडेल केलं होतं, रोम शहराचं. त्याची बायको सुनंदा साताऱ्याला शाळेत इतिहास शिकवते. तिची निम्मी नोकरी पोरांना रोम शिकवण्यात गेली, रोम काही पाहिलं नाही. दत्ताने शब्द दिला होता, सौदीतून सुटलो की आधी रोम.

ट्यूनाच्या डब्याचं कोलोसियम. निळ्या प्लास्टिकची टायबर नदी. पँथिऑनचा घुमट कलिंगडाच्या सालीचा, मधोमध भोक पाडलेलं. साल सुकली की नवी लागे, त्यामुळे रोमच्या डागडुजीत आमची चंगळ होई. दोन पांढरे खडे म्हणजे ती दोघं. रोज संध्याकाळी दत्ता वाळूवर पाणी मारी आणि फोनवर बायकोला ब्रीफिंग देई.

"अरे, घुमटाला भोक. पाऊस आला तर?" मी चिडवायचो.

"भिजायचं, साहेब. तिला आवडतं."

मग हुकूम आला, सेफ्टीची जागा सौदी माणसाला द्यायची. दत्ता खूश. त्याच्या पासपोर्टवर फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं घरी जायची परवानगी, लागली. चार्ज घ्यायला फहद आला, त्याला दत्ताने हातचं न राखता शिकवलं.

शेवटच्या आठवड्यात, भर दुपारी, फहद ड्रेनेजच्या चरात उतरला. फळ्यांचा आधार अजून लागला नव्हता. कड ढासळली. माझा वॉकीटॉकी वाजला.

"साहेब, फहद कमरेपर्यंत गाडला गेलाय. मी उतरतोय."

"थांब. फळ्या येतायत."

"दुसरी कड सुटतेय. ओव्हर."

मी धावत पोचलो तेव्हा त्याने फहदला वर ढकललं होतं. तेवढ्यात दुसरी कड आली. आम्ही हातांनी उकरलं. दत्ता सापडला, पण श्वास नव्हता.

कागदपत्रं होईपर्यंत तो शवागारात होता. तेवढे दिवस फहद रोज संध्याकाळी येऊन रोमवर पाणी मारत होता. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मला ते बघवत नव्हतं.

दत्ताला घेऊन मी साताऱ्याला आलो. तेराव्यानंतर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ते मॉडेल मला दाखवाल?"

अंगणात वाळू पसरली. डबा मागितला, साल मागितली. ते दोन खडे मी तबूकहून खिशातून आणले होते. काठी घेऊन सगळं सांगितलं. स्टेशन, कोलोसियम, पूल, पँथिऑन. शेवटी सवयीने तोंडातून निघून गेलं, "कोई शक?"

वहिनींनी एक खडा उचलून मुठीत धरला. दुसऱ्याकडे बघत म्हणाल्या, "एकटीनं कुठून निघायचं, ते यात नाही."

उभ्या नोकरीत मी प्रत्येक शंकेला उत्तर दिलं होतं. तिथे काठी खाली ठेवली.